शिंपल्यातला कर्करोग

मालगुंड म्हटले की मराठी माणसाला केशवसुत आठवतात. मला मात्र आठवते ती काकूची कपबशी.

काकूचे घर मालगुंडचे. ओहोटी लागली की शेजारणींबरोबर टोपली घेऊन ती तिसऱ्या वेचायला निघायची आणि दुपारी एकशिपीचा घमघमाट घरभर सुटायचा. तिला स्तनाचा कर्करोग झाला तेव्हा घरात कुणी तोंडाने काही बोलले नाही; पण तिची कपबशी स्वयंपाकघरातल्या फळीवरून उतरली आणि पडवीच्या कोनाड्यात जाऊन बसली. “हा रोग लागत नाही,” असे डॉक्टरांनी दोनदा बजावले. माणसांनी माना डोलावल्या. कपबशी कोनाड्यातच राहिली.

म्हणून, शिंपल्यांमध्ये एकाचा कर्करोग दुसऱ्याला लागतो असे वाचनात आले तेव्हा काळजात धस्स झाले. कोनाडा दाखवणारेच खरे ठरले की काय?

गोष्ट अशी आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर चिखलात राहणारी ‘माया अरेनेरिया’ नावाची शिंपी आहे. आपल्या तिसऱ्यांच्या दूरच्या गोतातली म्हणा ना. तिच्या रक्तात कर्कपेशी माजतात, स्वच्छ रक्त दुधाळ होते आणि ती मरते. हा आजार 1970च्या दशकापासून ठाऊक होता. कुणी समुद्रातल्या घाणीवर ठपका ठेवला, कुणी विषाणूवर. कोलंबिया विद्यापीठातले स्टीफन गॉफ आणि मायकेल मेट्झगर विषाणूच्याच मागावर होते. पण मेन, न्यूयॉर्क आणि कॅनडातील प्रिन्स एडवर्ड बेट अशा लांबलांबच्या ठिकाणच्या आजारी शिंपल्या तपासल्या, तेव्हा सगळ्यांच्या कर्कपेशींची जनुके एकमेकींशी जुळली. ज्या शिंपीच्या अंगात त्या सापडल्या तिच्याशी मात्र जुळेनात. दहा घरांत चोरी व्हावी आणि दहाही ठिकाणी एकाच बोटाचे ठसे निघावेत, तसे झाले. चोर विषाणू नव्हताच. कोण्या एके काळी एका शिंपीला कर्करोग झाला. ती मेली, पण तिच्या पेशी पाण्यातून दुसरीत, दुसरीतून तिसरीत अशा जगत राहिल्या. हा शोध 2015 साली प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी आणखी काही जातींत असेच आजार सापडले. त्यांपैकी एकीच्या अंगातला कर्करोग तर चक्क दुसऱ्या जातीकडून आलेला निघाला!

आता तरुण संशोधकांची कामगिरी पाहा. स्पेनमधील सांतियागो दे कोंपोस्तेला विद्यापीठात होसे तुबीओ यांच्या हाताखाली अलिसिया ब्रूसोस यांनी डॉक्टरेटसाठी हाच विषय घेतला. त्यांच्या गटाने युरोप आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यांवर 11 देशांतून सुमारे 7000 कॉकल शिंपल्या गोळा केल्या. (लोक प्रबंधासाठी ग्रंथालये पालथी घालतात, यांनी पुळणी पालथ्या घातल्या.) कॉकलच्या निरोगी पेशीत गुणसूत्रे 38. कर्कपेशींत मात्र कुठे 11, तर कुठे 354! एवढा सावळा गोंधळ माजूनही पेशी मरत नाही, हेच नवल. शिवाय पेशीला शक्ती पुरवणारी मायटोकॉन्ड्रिया जुनी झाली की ती यजमान शिंपीकडून नवी उचलते. त्याच सुमारास सिएटलला मेट्झगर यांच्या प्रयोगशाळेत सॅम्युएल हार्ट यांनी अमेरिकन शिंपीच्या कर्कपेशींचा कुलवृत्तांत काढला. ती मूळ शिंपी निदान 200 वर्षांपूर्वीची निघाली. दोन्ही निबंध 2023 साली प्रसिद्ध झाले.

मग माणसाचे काय? आपल्या शरीराला परकी पेशी ओळखून मारण्याची विद्या जन्मजात आहे. म्हणून तर मूत्रपिंड बसवताना एवढी जुळवाजुळव करावी लागते आणि औषधांनी ती विद्या मुद्दाम निजवावी लागते. शिंपीपाशी पहारा आहे, पण आपल्याइतका चोख नाही. वर दिवसभर समुद्राचे पाणी गाळून पोट भरायचे, म्हणजे दार सताड उघडेच. कर्कपेशी एका माणसातून दुसऱ्यात रुजल्याची उदाहरणे अवयवारोपण, गर्भारपण अशा अगदी विरळ प्रसंगांतली आहेत. चहाच्या कपातून, मिठीतून, एका पंगतीत बसून कर्करोग लागत नाही. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगामागचा विषाणू लागतो हे खरे, पण लागतो तो विषाणू, कर्करोग नव्हे. आणि शिंपीचा कर्करोग खाणाऱ्याला होत नाही, तेव्हा एकशिपी खुशाल करावी.

समुद्राबाहेर हा प्रकार टास्मानियन डेव्हिल नावाच्या प्राण्यात 1996 साली प्रथम दिसला. त्याहून जुना, आणि आपल्या गल्लीतला, तो कुत्र्यांचा. संभोगातून पसरणारी ही गाठ एका कुत्र्यातून दुसऱ्यात रुजवून रशियन पशुवैद्य नोविन्स्की यांनी 1876 सालीच दाखवली होती. ती गाठ म्हणजे काही हजार वर्षांपूर्वीच्या एका कुत्र्याच्या अजून जिवंत असलेल्या पेशी! आपल्याकडच्या बेवारशी कुत्र्यांत ती पुष्कळ आढळते. मात्र आठवड्याला एक अशी व्हिन्क्रिस्टीनची चार-सहा इंजेक्शने दिली की बहुतेक कुत्री खडखडीत बरी होतात.

लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरही दिले जाणारे हे औषध निघते सदाफुलीपासून. काकूच्या पडवीला लागूनच, त्या कोनाड्याच्या समोर, सदाफुलीचे ताटवे होते. कपबशी विसळलेले पाणी ती त्यांनाच घालायची.