वैशाखात उणे चाळीस!

वैशाखातील बडोद्याचे ऊन कसे असते, हे बडोदेकर वाचकांस सांगावयास नको. फतेगंजातले रस्ते सकाळी अकरालाच तापू लागतात आणि दुपारी पारा चाळीस अंशांच्या पुढे सरकतो. अशाच एका दुपारी आमच्या मोटारीच्या पडद्यावर बाहेरचे तापमान 'उणे ४० अंश' असे झळकले! प्रथम आम्हांस हसू आले. पण ते टिकले नाही. मोटारीत थंड हवा येईना, आणि मागच्या आसनावर आमच्या ऐंशी वर्षांच्या मातोश्री बसल्या होत्या. आठवड्यातून दोन वेळा त्यांना डायलिसिससाठी न्यावे लागते. परतताना त्या आधीच गळून गेलेल्या असतात. त्यात ही भट्टी!

एका गॅरेजात मोटार दाखविली. "कॉम्प्रेसर गेला, नवा बसवावा लागेल," असा निकाल मिळाला. खर्चाचा आकडा आमच्या दोन महिन्यांच्या पेन्शनीएवढा होता. होकार देण्यापूर्वी आम्ही कलाभवनात शिकलेल्या आमच्या भाच्यास बोलाविले. तो म्हणाला, "मामा, कॉम्प्रेसर बिचारा हुकुमाचा ताबेदार. त्याला हुकूम कशावरून मिळतो, ते आधी पाहू या."

हवा आपोआप नियंत्रित करणाऱ्या मोटारीत तापमान टिपणारे अनेक सेन्सर असतात. एक पुढील बंपरच्या जाळीमागे, बाहेरच्या हवेसाठी. दुसरा आत, चालकासमोरच्या फळीत. तिसरा थंडावा देणाऱ्या कॉइलपाशी. बाहेर बर्फ पडण्याजोगी थंडी आहे अशी वर्दी मिळाली, की पुष्कळ मोटारींत कॉम्प्रेसर सुरूच होत नाही. आमच्या मोटारीत नेमके हेच घडत होते. साक्षीदार खोटा, आणि शिक्षा मात्र कॉम्प्रेसरला!

हा साक्षीदार म्हणजे थर्मिस्टर नावाचा वाटाण्याएवढा तुकडा. तो तापला की त्याचा विद्युतरोध घटतो आणि गार झाला की वाढतो. असा गुण मायकेल फॅरेडे यांना १८३३ साली सिल्व्हर सल्फाइडमध्ये प्रथम आढळला होता. तार तुटली तर रोध अमर्याद होतो आणि मोटारीस वाटते, की बाहेर कडाक्याची थंडी आहे. म्हणूनच पडद्यावर तो उणे चाळीसचा आकडा!

भाच्याने किल्ली काढून घेतली, इंजिन निवू दिले आणि सेन्सरचा कनेक्टर सोडविला. मग कनेक्टरमधील दोन्ही टोके तारेच्या तुकड्याने जोडून त्याने किल्ली फिरविली. पडद्यावरचा आकडा उणे चाळीसवरून थेट वरच्या टोकास गेला. अर्थात तारा आणि नियंत्रक शाबूत होते. मल्टीमीटरचे काटे सेन्सरला लावले, तेव्हा मात्र काहीच नोंद होईना. चांगला सेन्सर २५ अंशांना बहुधा काही हजार ओहम दाखवितो. बर्फाच्या पाण्यात धरला तर तो आकडा सुमारे तिप्पट होतो, आणि कोमट पाण्यात उतरतो. आमचा मात्र मुकाच होता.

आतील सेन्सरची परीक्षा त्याहून सोपी. अनेक मोटारींत त्याच्या बारीक जाळीतून एक छोटा पंखा हवा ओढत असतो. पातळ कागदाचा कपटा जाळीपाशी धरावा; तो चिकटला नाही, तर धूळ साचली असावी किंवा पंखा बंद पडला असावा. सेन्सर ठीक निघाले, तर मात्र वायूचा दाब जाणत्याकडूनच तपासून घ्यावा. तेथे घरगुती प्रयोग नकोत.

नवा सेन्सर काही शे रुपयांत मिळाला. बसविल्यावरही पडद्यावरचा आकडा लगेच सुधारला नाही. उभ्या मोटारीत रेडिएटरची धग लागून चुकीचा आकडा दिसू नये, म्हणून कित्येक मोटारी तो सावकाश बदलतात. फतेगंजातून एक फेरी मारली, तेव्हा कॉम्प्रेसर 'टक्' करून जागा झाला आणि गार झुळूक आली.

मागून मातोश्रींनी विचारले, "आता बाहेर किती आहे रे?"

"बेचाळीस, आई."

"म्हणजे आता खरं बोलतेय म्हणायची," असे म्हणून त्यांनी समाधानाने डोळे मिटले.