विश्लेषण : अंतराळातून झाडांची उंची कशी मोजतात?

जंगल किती चौरस किलोमीटरवर पसरले आहे, हे उपग्रहाच्या साध्या छायाचित्रावरूनही कळते. पण वरून पाहताना पुरुषभर उंचीची झुडपे आणि ४० मीटर उंचीची झाडे बऱ्याचदा सारखीच हिरवी दिसतात. जंगलात कार्बन किती साठला आहे, याचा अंदाज बांधायचा तर उंची हवीच. वाळलेल्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मा कार्बन असतो आणि उंच झाडात लाकूड जास्त.

लेझर नेमके काय मोजते?

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर ‘जेडाय’ नावाचे उपकरण आहे (‘स्टार वॉर्स’च्या चाहत्यांना नावाची गंमत कळेल). ‘नासा’ आणि मेरिलँड विद्यापीठाचा हा प्रकल्प. डिसेंबर २०१८ मध्ये ते स्थानकाकडे रवाना झाले. त्यातील लेझर सेकंदाला २४२ वेळा अवरक्त प्रकाशाचा झोत खाली सोडतात. सुमारे ४०० किलोमीटर खाली तो साधारण २५ मीटर व्यासाच्या वर्तुळावर पडतो. थोडा प्रकाश शेंड्यावरच्या पानांवरून माघारी फिरतो, थोडा मधल्या फांद्यांवरून आणि उरलेला फटींतून जमिनीपर्यंत जाऊन येतो.

झाड ३० मीटर उंच असेल, तर शेंड्यावरून आणि जमिनीवरून परतलेल्या प्रकाशात सेकंदाच्या ५० लाखाव्या भागाइतकेच अंतर पडते. तेवढे टिपले की उंची मिळते. शिवाय कोणत्या थरात पाने दाट आहेत, हेही समजते.

मग साऱ्या जगाचा नकाशा?

इथेच वाचकाने जरा थांबायला हवे. जेडाय जमिनीची छायाचित्रे काढत नाही, ठिपके टिपते. एका रेषेत दर ६० मीटरला एक ठिपका आणि दोन रेषांत सुमारे ६०० मीटर अंतर. म्हणजे पृथ्वीवरील जमिनीच्या अवघ्या चार टक्क्यांच्या आसपास थेट मोजणी. शिवाय अंतराळ स्थानक ५१.६ अंश अक्षांशांपलीकडे जात नाही. त्यामुळे सायबेरियाचा बहुतेक भाग सुटतोच.

उरलेली जागा अंदाजाने भरली जाते. लेझरने मोजलेल्या ठिपक्यांवर उपग्रहाची छायाचित्रे कशी दिसतात, हे संगणकाला शिकवले जाते आणि त्यावरून तो इतर ठिकाणची उंची सांगतो. झुरिचच्या ‘ईटीएच’ संस्थेतील संशोधकांनी ‘सेंटिनेल-२’ची छायाचित्रे वापरून २०२० सालचा, १० मीटर तपशिलाचा जागतिक नकाशा असाच बनवला. त्यांच्या निष्कर्षानुसार ३० मीटरहून उंच झाडे जगाच्या जमिनीपैकी फक्त पाच टक्क्यांवर आहेत. त्यातलीही जेमतेम ३४ टक्के संरक्षित क्षेत्रात.

सह्याद्रीत अडचण कुठे?

उतारावर. उतार ३० अंशांचा असेल, तर २५ मीटरच्या एकाच वर्तुळात जमीनच १४ मीटर वर-खाली असते. शेंडा कुठला आणि जमीन कुठली, हे वेगळे काढणे मग कठीण होते. दाट जंगलात जमिनीपर्यंत प्रकाशच कमी पोहोचतो. ढगांतून तर लेझर पार जातच नाही, म्हणजे घाटमाथ्याच्या पावसाळ्यात फारसे काही हाती लागत नाही.

याचा उपयोग कुणाला?

भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत एक हेक्टरहून मोठ्या, किमान १० टक्के वृक्षछत्र असलेल्या जागेला वनाच्छादन म्हणतात. मग ती जागा कुणाच्याही मालकीची असो. त्यामुळे कोकणातली आमराईही हिशेबात येते. जुने जंगल तुटले आणि दुसरीकडे बागा वाढल्या, तरी एकूण आकडा स्थिर राहू शकतो. सोबत उंचीचा नकाशा ठेवला, तर हा फरक झाकणे अवघड जाईल. कार्बन क्रेडिट विकणाऱ्यांचे दावे तपासायलाही तो उपयोगी आहे. मात्र निलगिरीची लागवडही उंच वाढते. झाड कोणते, हे उंची सांगत नाही. त्यासाठी रानात जाऊनच पाहावे लागते.

पुढे काय?

मार्च २०२३ मध्ये दुसऱ्या उपकरणाला जागा देण्यासाठी जेडाय बाजूला ठेवले होते. एप्रिल २०२४ मध्ये ते पुन्हा बसवले गेले. युरोपचा ‘बायोमास’ एप्रिल २०२५ मध्ये आणि ‘इस्रो’-‘नासा’चा ‘निसार’ जुलै २०२५ मध्ये अवकाशात गेला. दोन्ही रडार उपग्रह आहेत आणि रडारला ढगांची आडकाठी नसते.