बहिणीची तरतूद

वसईत, गोव्यात बाळ येशूला हातावर घेतलेले जे सेंट अँथनी दिसतात, ते तेराव्या शतकातले, पदुआचे. त्यांच्याआधी जवळजवळ हजार वर्षे इजिप्तमध्ये दुसरे अँथनी होऊन गेले. वाळवंटातल्या ख्रिस्ती संन्याशांचे ते आद्यपुरुष मानले जातात. अलेक्झांड्रियाचे बिशप अथेनेशियस यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र मी हाती घेतले ते सैतानाशी झालेल्या झुंजींसाठी. मन अडकले ते मात्र सुरुवातीच्या एका व्यवहारात. बँकेत जन्म घालवलेल्या माणसाचे असेच व्हायचे!

अँथनींचा जन्म इ. स. २५१च्या सुमाराचा. अठरा-वीस वर्षांचे असताना आईवडील गेले. मागे राहिली धाकटी बहीण आणि ३०० अरूरा, म्हणजे सुमारे २०० एकर सुपीक जमीन. एकदा चर्चमध्ये, श्रीमंत तरुणाला सारे विकून गरिबांना द्यायला सांगणारा येशूचा उपदेश त्यांच्या कानी पडला. अँथनींनी जमीन गावकऱ्यांना दिली, चीजवस्तू विकून पैसा गरिबांत वाटला. बहिणीपुरती थोडी रक्कम तेवढी राखून ठेवली. पुढे उद्याची चिंता न करण्याविषयीचा उपदेश ऐकला आणि तीही वाटून टाकली. बहिणीला व्रतस्थ कुमारिकांच्या हवाली केले.

पुढचे सारे थक्क करणारे. ओसाड किल्ल्यात वीस वर्षे एकांतवास. ३११च्या सुमारास ख्रिस्ती लोकांचा छळ झाला, तेव्हा अलेक्झांड्रियाला जाऊन खाणींत आणि तुरुंगांत डांबलेल्यांची सेवा. सम्राट कॉन्स्टंटाइनचे पत्र आले, तर त्याचेही अप्रूप नाही. ३५६मध्ये, चरित्रकाराच्या हिशेबाने १०५व्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. तेव्हा वाटून द्यायला मेंढीची दोन कातडी आणि अंगावरची वस्त्रे एवढेच होते.

आणि बहीण? चरित्रात तिचे नावसुद्धा नाही. तिला काय हवे होते, हे तिला कोणी विचारल्याचेही दिसत नाही. वारसाची कागदपत्रे तपासताना मी अशा कितीतरी बहिणी पाहिल्या: भावाच्या निर्णयाखाली मुकाट्याने अंगठा उठवणाऱ्या.

पण अथेनेशियस तिला अगदीच विसरले नाहीत. पुष्कळ वर्षांनी अँथनी तिला भेटतात, तेव्हा ती म्हातारी झालेली आहे आणि इतर व्रतस्थ स्त्रियांची प्रमुख आहे. तिला पाहून त्यांना आनंद होतो. चरित्रात हे जेमतेम एका वाक्यात उरकले आहे.

अँथनींनी वाळवंट स्वतः निवडले. बहिणीने न निवडलेले आयुष्य पत्करले आणि त्यात ती मोठी झाली. २०० एकरांचा तो त्याग दोघांचा होता. सही मात्र एकाचीच आहे.