‘मृत्यूचा रस्ता’ म्हणतात तो हा! जगातले तीन अवघड रस्ते, अन् आपल्या घाटात कामी येणाऱ्या गोष्टी

मोबाइलवर असे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. एका बाजूला सरळ उभा कडा, दुसऱ्या बाजूला तळ न दिसणारी दरी आणि मधल्या चिंचोळ्या वाटेनं चाललेला भरलेला ट्रक. आपण बघतो, ‘बाप रे’ म्हणतो आणि व्हिडिओ पुढच्या ग्रुपवर ढकलतो. पण तो रस्ता कुठला, तसा का बांधला, तिथली माणसं रोज कशी जातात, हे त्यात कोणी सांगत नाही. आज अशा तीन रस्त्यांची माहिती घेऊ. तिन्ही खरे आहेत. तिन्हींचा धोका वेगळा आहे आणि त्यावर तिथल्या लोकांनी काढलेला मार्गही वेगळा आहे.

1) बोलिव्हिया : डावीकडून चालायचा रस्ता

दक्षिण अमेरिकेत बोलिव्हिया नावाचा देश आहे. तिथल्या ला पाझ शहरातून कोरोइको या गावाकडं जाणारा युंगासचा जुना रस्ता साधारण 60 ते 70 किलोमीटरचा आहे. शहर सोडलं की रस्ता आधी ला कुंब्रे या खिंडीत चढतो. या खिंडीची उंची सुमारे 4,650 मीटर. आपलं कळसूबाई शिखर 1,646 मीटर आहे, म्हणजे जवळजवळ पावणेतीन कळसूबाई एकावर एक. तिथून रस्ता उतरत उतरत 1,200 मीटरच्या आसपास येतो. वर अंगात कापरं भरवणारी थंडी आणि खाली दमट जंगल, असा बदल एकाच प्रवासात होतो.

हा रस्ता 1930च्या दशकातला. तेव्हा बोलिव्हिया आणि शेजारच्या पॅराग्वे या देशांत चाको प्रदेशासाठी युद्ध चालू होतं. त्यात पकडलेल्या पॅराग्वेच्या युद्धकैद्यांकडून हा डोंगर फोडून घेतला. रुंदी बऱ्याच ठिकाणी जेमतेम तीन ते साडेतीन मीटर. आपली एस.टी. अडीच मीटर रुंद असते. म्हणजे बसच्या दोन्ही बाजूंना मिळून दोन-तीन फूट जागा उरते. कठडा नाही. काही ठिकाणी दरी 600 मीटरहून खोल. वरून धुकं, पाऊस आणि डोंगरावरून थेट रस्त्यावर पडणारे धबधबे.

24 जुलै 1983 रोजी इथं एक बस दरीत कोसळली आणि शंभराहून जास्त माणसं गेली. वर्षाला दोनशे ते तीनशे लोक या रस्त्यावर जीव गमावतात असा अंदाज तेव्हा सांगितला जायचा. 1995 साली इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेनं याला जगातला सर्वांत धोकादायक रस्ता म्हटलं. ‘मृत्यूचा रस्ता’ हे नाव जगभर गेलं.

मग लोक जायचेच कशाला? कारण दुसरा रस्ता नव्हता. खालच्या युंगास भागात कॉफी, फळं, कोकाची पानं पिकतात आणि बाजार वर ला पाझला. माल पोहोचवायचा तर याच वाटेनं. निघताना ड्रायव्हर लोक पाचामामा म्हणजे धरणीमातेच्या नावानं जमिनीवर थोडी दारू शिंपडायचे. आपल्याकडं घाट सुरू होताना नारळ फोडतात, तसंच.

पण नुसत्या श्रद्धेवर गाड्या चालत नव्हत्या, तिथं एक नियमही होता आणि तो समजून घेण्यासारखा आहे. बोलिव्हियात सगळीकडं गाड्या उजवीकडून चालतात आणि स्टेअरिंग डाव्या हाताला असतं. फक्त या रस्त्यावर मात्र डावीकडून चालायचं. कारण असं की, खाली उतरताना दरी डाव्या हाताला येते. डावीकडं बसलेला ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून आपलं बाहेरचं चाक कडेपासून किती अंतरावर आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघू शकतो. वर चढणारी गाडी डोंगराला चिकटून राहते. समोरासमोर आले तर चढणाऱ्याला आधी वाट, उतरणाऱ्यानं थांबायचं किंवा मागं घ्यायचं.

2006 साली दुसरा, दुपदरी नवा रस्ता पूर्ण झाला. त्यावर पूल आहेत, कठडे आहेत, पाणी जायला मोऱ्या आहेत. ट्रक-बसची वाहतूक तिकडं गेली आणि जुन्या रस्त्यावर आता मुख्यतः सायकलवाले पर्यटक उतरतात. त्यांच्यातलेही काही जण दरीत पडून मेले आहेत. म्हणजे रस्त्याचा स्वभाव बदललेला नाही, रोज जाण्याची सक्ती तेवढी गेली.

2) चीन : गावानं हातानं कोरलेला बोगदा

चीनच्या हेनान प्रांतात ताईहांग डोंगररांगेत गुओलियांग नावाचं छोटं गाव आहे. गाव कड्याच्या माथ्यावर. खाली यायला कड्यात खोदलेल्या अवघड पायऱ्या, तेवढीच वाट. आजारी माणूस उतरवायचा किंवा बाजारचं सामान वर न्यायचं म्हणजे जीव मुठीत धरूनच.

1972 साली गावकऱ्यांनी ठरवलं, रस्ता आपणच करायचा. शेळ्या आणि डोंगरातली औषधी वनस्पती विकून पैसा उभा केला, त्यातून हातोडे आणि पोलादी छिन्न्या आणल्या. तेरा जणांनी काम सुरू केलं. मोठी यंत्रं नव्हतीच. जिथं खडक फारच कठीण, तिथं एक मीटर पुढं सरकायला तीन-तीन दिवस लागायचे. कामात माणूसही गेला, पण काम थांबलं नाही. 1 मे 1977 रोजी रस्ता वाहतुकीला खुला झाला. बोगदा सुमारे 1,200 मीटर लांब, 5 मीटर उंच आणि 4 मीटर रुंद.

बोगद्याला दरीच्या बाजूनं तीसच्या वर खिडक्या आहेत. आज पर्यटक तिथं उभं राहून फोटो काढतात. पण त्या फोटोसाठी केलेल्या नाहीत. खोदताना निघालेला दगड बाहेर फेकायला जागा हवी होती, म्हणून भोकं पाडली. नंतर त्यातूनच उजेड आणि हवा आत येऊ लागली.

आपल्या देशातलं असंच काम म्हणजे बिहारच्या गया जिल्ह्यातले दशरथ मांझी. गेहलौर गावाजवळचा डोंगर त्यांनी 1960 ते 1982 अशी 22 वर्षं एकट्यानं छिन्नी-हातोड्यानं फोडला. गुओलियांगला निदान सगळं गाव सोबत होतं. मात्र दोन्हीकडं मूळ प्रश्न एकच होता, तो म्हणजे दवाखाना आणि बाजार लांब आणि मधे डोंगर.

3) फ्रान्स : दिवसातून दोनदा बुडणारा रस्ता

इथं ना डोंगर आहे, ना दरी. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर नोआरमुतिए बेट आहे. बेट आणि मुख्य जमीन यांच्यामध्ये चार किलोमीटरहून थोडा लांब रस्ता आहे, त्याला ‘गोआ’चा रस्ता म्हणतात (आपल्या गोव्याशी नावाचा काही संबंध नाही). हा रस्ता समुद्राच्या तळावरून जातो. ओहोटी लागली की उघडा पडतो, भरती आली की पाण्याखाली जातो. दिवसातून दोन वेळा.

कोकणातल्या माणसाला हे लगेच कळेल. भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तासानं पुढं सरकते. म्हणून ‘काल चार वाजता गेलो होतो’ हा हिशेब आज चालत नाही. रस्त्याच्या दोन्ही टोकांना वेळापत्रकाचे फलक लावलेत. पूर्ण ओहोटीच्या आधी दीड तास आणि नंतर दीड तास, एवढ्यातच ओलांडायचं. तरी काही लोक अडकतातच, कारण सपाट जागेवर पाणी बघता बघता चढतं. त्यांच्यासाठी वाटेत उंच खांब आणि मचाणं उभी केलीत. गाडी सोडायची, वर चढायचं आणि पाणी उतरेपर्यंत किंवा मदत येईपर्यंत बसून राहायचं. 1971 साली बेटाला पूल झाला, त्यामुळं या वाटेनं जाण्याची आता सक्ती नाही.

आपल्या घाटात यातलं काय लागू पडतं?

सह्याद्रीतले घाट युंगासइतके भयानक नाहीत. पण 28 जुलै 2018 चा आंबेनळी घाट कोणी विसरलेलं नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली आणि बसमधला एकच जण वाचला. पावसाळ्यात घाटातून भाजी, दूध, पेशंट घेऊन जाणाऱ्या प्रत्येकानं चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

दरीकडची कड कच्ची असते. डोंगरातला रस्ता करताना आतली बाजू खोदतात आणि तीच माती-मुरूम बाहेरच्या बाजूला भरतात. म्हणजे आतला अर्धा रस्ता मूळ जमिनीवर, तर बाहेरची बाजू बऱ्याच ठिकाणी भरावावर. सलग पावसात हा भराव पाणी पितो आणि खचतो. त्यामुळं जड गाडी दरीच्या कडेला घेऊन उभी करू नका. डांबराला कडेनं लांब भेग दिसली तर तिथून लांबच राहा.

चाक दिसत नसेल तर माणूस उतरवा. आपल्याकडं स्टेअरिंग उजवीकडं. दरी डाव्या हाताला असली की बाहेरचं चाक ड्रायव्हरला दिसत नाही. अरुंद जागी गाडी बाजूला घेताना क्लीनर किंवा सोबतचा माणूस खाली उतरलाच पाहिजे. नुसत्या आरशावर भरवसा ठेवू नये.

चढणाऱ्याला आधी वाट. हा नियम बोलिव्हियापुरता नाही. अरुंद डोंगरी रस्त्यासाठी आपल्याही वाहतूक नियमांत तो आहे. भरलेली गाडी चढावर थांबली की पुन्हा उठवताना मागं घसरायची भीती असते. उतरणाऱ्यानं रुंद जागा बघून आधीच थांबावं.

उतारावर न्यूट्रल नाही म्हणजे नाही. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडली की इंजिनाची ओढ जाते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक सतत दाबून तापतात आणि तापलेले ब्रेक पकड सोडतात. जुने ड्रायव्हर सांगतात तेच बरोबर आहे : ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये उतरायचा.

गावानं काय बघायचं?

तिन्ही ठिकाणी धोका कमी झाला तो सोय केल्यावर. बोलिव्हियात मोऱ्या आणि कठडे असलेला दुसरा रस्ता झाला, गुओलियांगला बोगदा झाला, फ्रान्समध्ये फलक, मचाणं आणि पूल झाले.

आपल्या घाटात सगळ्यात स्वस्त सोय म्हणजे डोंगराच्या बाजूची गटार. ती दरडीच्या मातीनं तुंबली की पाणी रस्ता ओलांडून दरीकडं वाहतं आणि बाहेरचा भराव कापत नेतं. रस्ता खचतो तो बहुतेक वेळा असा. त्यामुळं मे महिन्यातल्या ग्रामसभेत तीन गोष्टी लेखी मागा : गटारी आणि मोऱ्या साफ करणं, तुटलेले कठडे बांधणं आणि वळणांवर रात्री चमकणारे फलक लावणं. ठरावाची प्रत सार्वजनिक बांधकाम विभागाच्या उपविभागाला द्या, रस्ता जिल्हा परिषदेचा असेल तर तिथल्या बांधकाम विभागाला द्या आणि पोच घ्या. तुंबलेल्या मोरीचा फोटो तारखेसह जोडला तर अर्जाला वजन येतं.

अन् पावसाळ्यात घाटात गाडी अडकलेली किंवा दरड आलेली दिसली, तर व्हिडिओ काढायच्या आधी 112 ला फोन करा. जखमी असतील तर 108 ला करा. घाटात सगळीकडं रेंज नसते, म्हणून रेंज कुठल्या वळणावर मिळते ते आधीच माहीत करून ठेवा.