आघाताविना व्यायाम

धावताना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दुपटी-तिपटीएवढा जोर पायांवर येतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तो सोसत नाही आणि मग व्यायामच सुटतो. १९९५ साली अमेरिकेतील प्रिकॉर कंपनीने बाजारात आणलेल्या ‘इलिप्टिकल’ यंत्राने ही अडचण पुष्कळशी दूर केली. या यंत्रात पाऊल पायपट्टीवरून उचलावे लागत नाही. ते लंबवर्तुळाकार मार्गाने फिरत राहते, जमिनीवर आदळत नाही. ‘क्रॉस ट्रेनर’ या प्रकारात हलते दांडेही असतात. ते आळीपाळीने ढकलले व ओढले म्हणजे हात, खांदे, छाती आणि पाठ यांनाही श्रम घडतात. मात्र शरीराचा भार दांड्यांवर टाकू नये. हाडांच्या बळकटीस थोडा आघात उपयुक्त असतो. म्हणून ज्यांना झेपेल त्यांनी चालणे सोडू नये.