मोठी सापसुरळी पाळायची आहे? निवडीपूर्वी हे पाहा

मोठ्या सापसुरळ्यांमध्ये पाळण्यासाठी दोन प्रकारांना मागणी असते.

निळ्या जिभेची सापसुरळी: मूळ ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी व इंडोनेशिया. लांबी साधारण ४५ ते ६० सें.मी. जमिनीवर राहते, किडे, गोगलगायी, फळे, पाला सर्व खाते. एका वेतात अनेक पिल्ले देते, त्यामुळे बंदिस्त पैदास जमते. नवख्याने हीच निवडावी.

सॉलोमन बेटांवरील सापसुरळी: सर्वांत मोठी, शेपटीसह सुमारे ८० सें.मी. झाडावर राहते, शेपटीने फांदी धरते, पाला खाते. सहा ते आठ महिन्यांच्या गर्भकाळानंतर बहुधा एकच पिल्लू होते. म्हणून रानातून धरून नेलेल्या प्राण्यांची भर लवकर निघत नाही. दुर्मीळ म्हणून तिच्या मागे लागू नये.

खरेदी करताना:
• बंदिस्त पैदाशीचाच प्राणी घ्यावा. आई-बापाची नोंद मागावी.
• ऑस्ट्रेलिया आपले सरपटणारे प्राणी व्यापारासाठी बाहेर पाठवू देत नाही. थेट तिथून आणल्याचा दावा करणाऱ्या विक्रेत्यापासून दूर राहावे.
• भारतात सायटीस परिशिष्टांतील परदेशी प्राण्याची परिवेश पोर्टलवर नोंदणी बंधनकारक आहे. सॉलोमनची सापसुरळी परिशिष्ट २ मध्ये आहे.

आपल्या बांधावरची सापसुरळी विषारी नसते, किडे खाते. तिला धरू नये, मारू नये.