नेम कुठे, गोळा कुठे
(युद्ध आणि कायदा : लेखांक ६)

२ मे १९९५. सकाळी साडेदहाच्या सुमारास क्रोएशियाच्या राजधानीवर, झाग्रेबवर, रॉकेटचा मारा झाला. ऐन शहराच्या मध्यभागी, लोक कामावर असताना. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच. या वेळी राष्ट्रीय नाट्यगृहाचा परिसर आणि क्लाइचेवा रस्त्यावरचं मुलांचं रुग्णालय माऱ्यात सापडलं. रुग्णालयापाशी न फुटता पडलेला एक छोटा बॉम्ब निकामी करताना पोलीस दलातल्या एकाचा जीव गेला. दोन दिवसांत सात माणसं मेली, दोनशेहून अधिक जखमी झाली.

लढणारे आणि न लढणारे यांत फरक करायचा, हा नियम गेल्या आठवड्यात पाहिला. त्यावर एक पळवाट कायम काढली जाते: ‘आमचा नेम लष्करी ठिकाणावरच होता, नागरिक मेले याला आमचा इलाज नाही.’ झाग्रेबच्या खटल्यात ही पळवाट बंद झाली, म्हणून तो जरा सविस्तर बघायला हवा.

मारा झाला तो एम-८७ ओरकान या रॉकेटचा. या रॉकेटला दिशा देणारी कसलीही यंत्रणा नाही. एकदा सुटलं की सुटलं. एका रॉकेटच्या पोटात २८८ छोटे बॉम्ब आणि त्या प्रत्येकात ४२० छर्रे. म्हणजे एका रॉकेटमधून एक लाख वीस हजारांवर छर्रे सुटतात आणि जवळजवळ दोन हेक्टर जमीन व्यापतात. त्यातून हा मारा झाला सुमारे ५० किलोमीटरवरून, म्हणजे रॉकेटच्या पल्ल्याच्या अगदी टोकावरून. तिथून नेम कुठल्याही दिशेला हजार मीटरपर्यंत चुकू शकतो. ज्या शहराच्या मध्यवस्तीत मंत्रालय, शाळा, ट्रामचा थांबा आणि दवाखाना काही मिनिटांच्या अंतरावर आहेत, तिथे एक किलोमीटरची चूक म्हणजे नेम धरलाच नव्हता असं म्हणण्यासारखं आहे.

हुकूम दिला होता मिलान मार्तिच यांनी. क्रोएशियातल्या सर्बांनी जाहीर केलेल्या क्रायिना प्रजासत्ताकाचे ते अध्यक्ष. क्रोएशियाच्या सैन्याने आदल्याच दिवशी पश्चिम स्लावोनियात मोहीम उघडली होती, तिला हे उत्तर होतं. हुकूम आपलाच, हे मार्तिच यांनी उघडपणे सांगितलं होतं. हेगच्या युगोस्लाव्हिया न्यायाधिकरणात बचाव झाला तो असा, की झाग्रेबमध्ये संरक्षण मंत्रालय होतं, विमानतळ होता, ही सगळी लष्करी लक्ष्यंच. १२ जून २००७ च्या निकालात न्यायाधीशांनी या वादात शिरायचंच नाकारलं. शहरात लष्करी लक्ष्य असो वा नसो, जे शस्त्र इतक्या लांबून ठरावीक ठिकाणी पाडताच येत नाही, ते दाट वस्तीवर सोडणं हाच नागरिकांवरचा हल्ला. पस्तीस वर्षांची शिक्षा झाली आणि २००८ साली अपिलातही ती कायम राहिली.

हा निकाल ज्या नियमावर उभा आहे तो जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या पूरक करारातल्या ५१ व्या कलमात आहे. ठरावीक लक्ष्यावर रोखता न येणारं शस्त्र किंवा पद्धत वापरणं म्हणजे सरसकट मारा, आणि तो निषिद्ध. शहरात विखुरलेली चार लष्करी ठिकाणं एकच लक्ष्य मानून अख्खं शहर भाजून काढणं, तेही निषिद्ध. हे लिहायला १९७७ उजाडावं लागलं. दुसऱ्या महायुद्धात हॅम्बर्ग, ड्रेस्डेन, टोकियो जळाली तेव्हा असा स्पष्ट लेखी नियम नव्हता, आणि शहरांवरच्या बॉम्बफेकीबद्दल न्यूरेंबर्गच्या खटल्यांत कोणाला शिक्षाही झाली नाही. जेत्यांनीही तेच केलं होतं. खटला कोण भरणार?

इथवर सगळं सरळ वाटतं. पण त्याच युद्धात, तीनच महिन्यांनी, उलट बाजूने मारा झाला. ४ आणि ५ ऑगस्ट १९९५ ला क्रोएशियाच्या सैन्याने मार्तिच यांच्या राजधानीवर, क्निनवर, तोफा डागल्या. शस्त्रं साधीच: १३० मिलिमीटरच्या तोफा आणि १२२ मिलिमीटरची बहुनळी रॉकेट. त्याच न्यायाधिकरणाने एप्रिल २०११ मध्ये मारा करणाऱ्या फौजेचे जनरल आंते गोतोविना यांना चोवीस वर्षांची शिक्षा सुनावली. मारा बेकायदा ठरवताना मोजमाप वापरलं ते दोनशे मीटरचं: लष्करी लक्ष्यापासून दोनशे मीटरच्या पलीकडे पडलेला गोळा हा सरसकट माऱ्याचा पुरावा. नोव्हेंबर २०१२ मध्ये अपिलात पाचही न्यायाधीश म्हणाले, या आकड्याला आधार नाही. त्यानंतर तीन विरुद्ध दोन मतांनी गोतोविना सुटले.

आकड्याला आधार नव्हता, हे मला पटतं. खालच्या न्यायालयाने तो कुठून काढला ते नीट सांगितलंच नव्हतं. खुपतं ते वेगळंच: अपील न्यायालयाने दोनशे मीटर पुसले, पण त्या जागी दुसरा आकडा लिहिला नाही. किती लांब पडलेला गोळा चूक आणि किती लांबचा गुन्हा? ओरकानसारख्या टोकाच्या शस्त्राबद्दल कायदा ठामपणे बोलतो. साध्या तोफेपाशी आला की त्याची जीभ अडखळते. आणि शहरं उद्ध्वस्त होतात ती बहुतेक साध्या तोफांनी, साध्या रॉकेटनी, मोठ्या वजनाच्या साध्या बॉम्बनीच. १५५ मिलिमीटरचा एक गोळा चाळीस किलोंहून जड असतो. तो बरोबर नेमावर पडला तरी शेजारच्या घराची भिंत त्याला ओळखत नाही.

म्हणून माझ्या मते खरा प्रश्न गोळा पडल्यावरचा नाही, तोफ निवडतानाचा आहे. त्याच पूरक करारातलं ५७ वं कलम तेच सांगतं: साधन निवडतानाच नागरिकांची हानी टाळायची, निदान कमीत कमी ठेवायची खबरदारी घ्या. ही निवड कोणीतरी नकाशासमोर बसून करतो, आणि त्या नकाशावर रुग्णालय असतंच. त्या क्षणाचा हिशोब मागणारं बंधन कमी पडतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये डब्लिनला ऐंशीहून अधिक देशांनी वस्त्यांमध्ये स्फोटक शस्त्रांच्या वापरावर लगाम घालण्याचं जाहीरनाम्यातून मान्य केलं, पण तो राजकीय शब्द आहे, करार नव्हे.

भारत १९७७ च्या पहिल्या पूरक कराराचा सदस्य नाही; क्लस्टर बॉम्बवर, म्हणजे ओरकानसारख्या पोटातून छोटे बॉम्ब विखुरणाऱ्या शस्त्रांवर, बंदी घालणाऱ्या २००८ च्या कराराचाही नाही. अमेरिका, रशिया, चीन, पाकिस्तान हेही क्लस्टर कराराबाहेरच आहेत. सरसकट माऱ्याची मनाई मात्र रूढीने सगळ्यांनाच लागू आहे, करारावर सही असो वा नसो. क्लस्टर करारातून मार्च २०२५ मध्ये लिथुआनिया बाहेर पडला. तसं करणारा तो पहिलाच देश. त्याने कारण दिलं रशियाच्या धोक्याचं. घाबरलेल्या देशाला हे शस्त्र हवंसं का वाटतं, आणि युद्ध संपल्यावर शेतात पडून राहिलेले न फुटलेले बॉम्ब कोण वेचतं, हे लाओसच्या उदाहरणावरून पुढच्या आठवड्यात पाहू.